उकळत्या वर्टसाठी पंप कोणता?

प्रश्न : मी घरी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात एका वेळी २० लिटर बिअर करते. मॅशमधला (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्यातला) रस मगाने काढून पुन्हा वरून ओतायचा आणि उकळलेला वर्ट (आंबवण्याआधीचा हाच गोड रस) पातेलं उचलून चिलरमध्ये, म्हणजे गार करायच्या साधनात, सोडायचा, असं आजवर चाललं होतं. मागच्या खेपेला गरम वर्ट मनगटावर सांडला. आता पंप घ्यायचं ठरवलं आहे. कारंज्याचा एक छोटा पंप घरात पडून आहे, तो चालेल का? नवा घ्यायचा तर किती वॅटचा घेऊ?

उत्तर : मनगटाचं वाचून वाईट वाटलं. पंप येईपर्यंत भरलेलं गरम पातेलं उचलू नका. पातेल्याला तळाशी कॉक बसवून घ्या आणि वर्ट उताराने खाली उतरवा. पुढे पंपालाही तोच कॉक लागणार आहे, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

कारंज्याचा पंप नको. तो गार पाण्यासाठी केलेला असतो आणि त्याचं प्लास्टिक खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालणारं आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो. तुमचा मॅश ६५ ते ६८ अंशांवर, धान्य धुवायचं पाणी ७५ च्या आसपास आणि उकळी १०० वर. तिन्ही कामं एकाच पंपाने करायची म्हणजे त्याची परीक्षा १०० अंशांवरच घ्यायची. पंपाचं हेड, म्हणजे वर्ट ज्यातून जातो तो पुढचा डबा, ३०४ किंवा ३१६ स्टीलचं, नाहीतर पॉलिसल्फोनचं (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं) बघा. ओ-रिंग (सांध्यात बसणारी गोल कडी) आणि नळ्या सिलिकॉनच्या हव्यात.

प्रकार मॅग्नेटिक ड्राइव्हचाच घ्या. यात मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) वर्टपर्यंत पोचतच नाही. बाहेरचं चुंबक मधल्या भिंतीपलीकडून इम्पेलर (द्रव ढकलणारं पात्यांचं चाक) फिरवतं. शाफ्टचं सीलच नाही, तर गळणार कुठून? फोलपटं अडकून इम्पेलर थांबला तरी चुंबकाची पकड सुटते आणि मोटर सहसा वाचते. डिलिव्हरीचा (वर्ट बाहेर पडायच्या बाजूचा) कॉक आवळून प्रवाह कमी केला तरी चालतं. मॅशचा रस फिरवून पुन्हा वरून सोडताना हे रोज लागतं. पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने नळी दाबत द्रव पुढे ढकलणारा) स्वच्छ असतो आणि स्वतः ओढूनही घेतो, पण त्याची नळी झिजते आणि २० लिटर हलवायला तो फार वेळ लावतो.

वॅटवरून पंप निवडू नका. खोक्यावर कमाल हेड (इथे हेड म्हणजे पंप द्रव किती उंच चढवतो ती उंची) आणि कमाल प्रवाह असे दोन आकडे असतात, पण ते दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. ३ मीटर हेडचा पंप ३ मीटर उंचीवर शून्य लिटर देतो. तुम्हाला चढवायचं असेल मीटर-दीड मीटर, पण प्लेट चिलरच्या अरुंद फटी, कोपरे आणि कॉक यांचा अडथळा त्यात धरावा लागतो. म्हणून कंपनीचा आलेख मागा आणि तुमच्या उंचीला किती लिटर मिळतात ते वाचा. मॅश फिरवायला मिनिटाला २-३ लिटर पुरतात. त्याहून जोरात ओढलं की धान्याचा थर दबून घट्ट बसतो आणि रस खाली उतरायचाच थांबतो.

आता सक्शन, म्हणजे वर्ट पंपात शिरतो ती बाजू. पंप दुरुस्तीत माझी २० वर्षं गेली, तरी घरच्या पहिल्या मांडणीत मी इथेच चुकलो. पंप पातेल्याच्याच टेबलावर ठेवला होता, नळी बारीक होती आणि प्रवाह आवरायचा कॉक सक्शनला लावला होता. गार पाण्यावर सगळं सुरळीत चाललं. उकळता वर्ट आला आणि पंपात खडे घातल्यासारखा आवाज सुरू झाला, मग धारच तुटली. उकळत्या द्रवाची वाफ व्हायला फार थोडं निमित्त पुरतं. सक्शनला दाब जरासा उतरला तरी बुडबुडे धरतात, आणि इम्पेलर बुडबुड्यांना ढकलू शकत नाही. पंप ६० सेंटिमीटर खाली घेतला, अर्ध्या इंचाची आखूड नळी जोडली, कॉक डिलिव्हरीला नेला. तोच पंप त्या दिवसापासून नीट चालतो आहे. सक्शनची नळी जाड भिंतीची घ्या. पातळ सिलिकॉन गरम झाल्यावर आत चिपकतं.

वीजजोडणीला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं स्विच) हवंच. मोटरवर वरून थेंब पडणार नाहीत अशी आडोशाची जागाही तिला द्या.

प्रश्न : माझा मॅग्नेटिक पंप गुणगुणतो, पण वर्ट पुढे सरकत नाही. मोटर गेली का?

उत्तर : बहुतेक पंपाने हवा धरली आहे. हा पंप स्वतः ओढून घेत नाही, त्याच्यापर्यंत वर्ट आपण पोचवायचा. लगेच बंद करा, कारण आतल्या बेअरिंगला वर्टचंच वंगण असतं आणि कोरडा फिरला की ते झिजतं. डिलिव्हरीचं तोंड वरच्या बाजूला येईल असं हेड फिरवा. दोन्ही कॉक पूर्ण उघडा, नळीचं टोक पातेल्यातल्या पातळीच्या खाली धरा, अखंड धार येऊ द्या. मग टोक वर घेऊन पंप चालू करा आणि कॉक हळूहळू आवळून हवा तेवढा प्रवाह ठेवा.

तरीही सरकत नसेल तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ अडकला असणार. हेडचे स्क्रू काढून इम्पेलर बाहेर घ्या. हेड प्रत्येक वेळी त्याच संध्याकाळी उघडून धुवायचं. वाळलेला गाळ निघता निघत नाही. पुढच्या खेपेला उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत तोच उकळता वर्ट पंप आणि नळ्यांतून फिरवून परत पातेल्यात सोडा, म्हणजे गार वर्ट जाण्याआधी आतली वाट निर्जंतुक झालेली असेल.