वाचकांचे प्रश्न : कॉर्व्हेटचं इंजिन मूळचंच आहे का?

प्रश्न : न्यू जर्सीत १९६७ ची एक कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, पाहून ठेवली आहे. इंजिन ३२७ घन इंचांचं, ३५० अश्वशक्तीचं. विकणारा म्हणतो, ‘मॅचिंग नंबर्स’ आहे, म्हणजे गाडीसोबत कारखान्यातून आलेलं मूळचंच इंजिन. इंजिनावर ‘व्ही ०३१४ एचटी’ आणि शेजारी सात आकडे ठोकलेले दिसतात. गाडीच्या नंबरशी ते जुळतात. घ्यावी का?

उत्तर : एवढ्यावर घेऊ नका. व्ही म्हणजे शेव्हरोलेचा फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१४ म्हणजे १४ मार्चची जुळणी आणि एचटी म्हणजे ३५० अश्वशक्ती. सात आकड्यांतला पहिला ७ वर्षाचा, पुढचे सहा ग्लव्हबॉक्सखालच्या पट्टीवर गाडीच्या कारखान्याच्या नंबरची (व्हीआयएन) जी पाटी असते तिचे शेवटचे सहा. हे सगळं जुळलं तरी आकडे कुणालाही ठोकता येतात. त्या वर्षी २२,९४० कॉर्व्हेट बनल्या, त्यांतल्या ६,३७५ गाड्यांतच हे इंजिन होतं. त्यामुळे ३०० अश्वशक्तीच्या ब्लॉकवरचं (ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) ‘एचई’ घासून ‘एचटी’ करण्याचा मोह मोठा.

म्हणून आकड्यांच्या आधी त्यांच्याखालचं लोखंड वाचा. बॉनेट उघडून गाडीसमोर उभं राहिलात की तुमच्या डाव्या हाताच्या हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाच्या) अगदी पुढे हे आकडे ठोकलेली चपटी जागा दिसते. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर कापला जाई. त्याच्या केसासारख्या बारीक, सरळ, समांतर रेघा इंजिनाच्या पुढून मागे जातात आणि या जागेवरही उमटतात. टॉर्च जवळजवळ आडवी धरून भिंगातून पाहा. रेघा आकड्यांच्या कडेपर्यंत अखंड यायला हव्यात. गोलाकार ओरखडे, आरशासारखा गुळगुळीतपणा किंवा सँडपेपरच्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या, तर मूळ पृष्ठभाग गेलेला आहे. इंजिन उघडून माथा प्लेन करताना तो प्रामाणिकपणेही जाऊ शकतो. पण मग ते इंजिन मूळचं असल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला, आणि किंमत त्या हिशेबानेच द्यायची.

दुसरी गोष्ट. इंजिनाचा कोड फ्लिंटला ठोकला गेला, गाडीचा नंबर सेंट लुईसला, जिथे गाडी जुळवली जाई. दोन गावं, दोन दिवस, दोन पंचसंच. त्यामुळे दोन्ही ठशांची खोली आणि कल यांत थोडा फरक असणं स्वाभाविक आहे. दोन्ही अगदी एकाच हातचे वाटले तर सावध व्हा.

मग ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेलहाउसिंग (क्लचवरचं कवच) बसते त्या कडेवर पाहा. चालकाच्या, म्हणजे अमेरिकी गाडीत डाव्या, बाजूला उठावाचा ओतीव नंबर असतो; १९६७ च्या ३२७ साठी ३८९२६५७. हाच साचा त्या वर्षीच्या कॅमॅरोत, शेव्हरोलेच्याच दुसऱ्या गाडीत, वापरला होता, म्हणून नुसता हा नंबर पुरत नाही. त्याच कडेवर दुसऱ्या बाजूला ओतल्याची तारीख असते : ‘सी २ ७’ म्हणजे २ मार्च १९६७. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं मोजायचं. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी, हा क्रम कधी उलटा होत नाही. ओतकामाची तारीख १४ मार्चनंतरची निघाली, तर तो ठसा खोटा.

प्रश्न : हेड, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर मूळचे आहेत का, हे काहीही न खोलता कळेल का?

उत्तर : बरंचसं कळेल. हेडच्या टोकांवर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे ओतलेले असतात. त्याच टोकाला आटे पाडलेली बोल्टची भोकं दिसली, तर हेड १९६९ किंवा त्यानंतरचं. नंबर (३८९०४६२) आणि तारीख पाहायला मात्र व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाला) लोहचुंबक लावा : ३५० अश्वशक्तीच्या इंजिनावर ॲल्युमिनियमचं, ३०० वर बिडाचं. चुंबक चिकटला तर विकणाऱ्याला कारण विचारा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) अंगातून टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची, केबल निघायला हवी. शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला ती सोय नसे. गाडीत रेडिओ असेल तर डिस्ट्रिब्युटरवर धातूची झाकणंही हवीत. बॉडी फायबरग्लासची, ती इग्निशनमुळे रेडिओत येणारी खरखर अडवत नाही. ते काम ही झाकणं करतात.

प्रश्न : नंबरवर रंगाचे थर आहेत. कसे काढू?

उत्तर : पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश आणि सुती फडकं. थर जाड असेल तर दोन-तीनदा लावा, घाई नको. वायरब्रश, सँडपेपर, ग्राइंडर यांतलं काहीही लावू नका. ज्या रेघा शोधायच्या त्याच पुसल्या जातील. शेवटी तेलाचा पातळ हात द्या, नाहीतर उघडं लोखंड लगेच गंजतं.

प्रश्न : ठशावर ‘सीई’ अक्षरं असतील तर?

उत्तर : तो वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. शेव्हरोलेचाच, चांगला, पण या गाडीसोबत कारखान्यातून निघालेला नव्हे.

प्रश्न : कागदोपत्री खात्री कशी करायची?

उत्तर : पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर पाहा. १९६७ च्या बऱ्याच गाड्यांत गाडीच्या ऑर्डरचा कागद तिथे चिकटवलेला सापडतो आणि त्यावर इंजिनाचा ऑप्शन ‘एल ७९’ (३५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा कोड) असा असतो. टाकी रिकामी करूनच खाली घ्या. कागद जीर्ण असतो. ओला करू नका, सोलू नका, आहे तिथेच फोटो काढा.