शिक्षकांचा करार अडला : पालकांनी काय पाहावे?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि आमची दोन्ही मुले सरकारी शाळेत जातात. स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि शिक्षकांची युनियन यांच्यात नव्या करारासाठी बरेच महिने बोलणी चालू होती. आता ‘इम्पास’, म्हणजे बोलणी अडल्याची अधिकृत स्थिती, जाहीर झाला आहे. शिक्षकांना सात टक्के पगारवाढ देऊ केली आहे, असे डिस्ट्रिक्ट सांगते. प्रत्यक्षात तीनच टक्के मिळणार, असे युनियन सांगते. कोणावर विश्वास ठेवावा? संप लगेच होईल का? आम्हा पालकांना यात काही करता येते का?

उत्तर : दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, म्हणून आधी त्यांची फोड करू. शिक्षकांचा पगार एका तक्त्यावरून ठरतो. त्यात वरून खाली नोकरीची वर्षे असतात, त्यांना ‘स्टेप’ म्हणतात, आणि डावीकडून उजवीकडे पदव्या व अतिरिक्त अभ्यासक्रम यांचे ‘कॉलम’ असतात. नोकरीचे आणखी एक वर्ष भरले की शिक्षक सहसा एक पायरी पुढे सरकतो आणि त्याचा पगार वाढतो. मात्र ही वाढ मुळात तक्त्यातच असते, नव्या कराराने दिलेली नसते. युनियनचे तीन टक्के म्हणजे तक्त्यातील प्रत्येक आकड्यात होणारी वाढ. डिस्ट्रिक्ट त्यात स्टेपमुळे मिळणारे सुमारे दोन टक्के आणि एकदाच द्यायची दोन टक्क्यांची रक्कम मिळवत असेल, तर बेरीज सात होते.

उदाहरणादाखल वर्षाला ८०,००० डॉलर पगार असलेली एक शिक्षिका घेऊ. तक्त्यातील तीन टक्के वाढीने तिला २,४०० डॉलर मिळतात आणि ते पुढील प्रत्येक वर्षी तिच्या पगारात राहतात. एकरकमी मिळालेले १,६०० डॉलर यंदा हाती येतात, पण पुढल्या वर्षीच्या मूळ पगारात धरले जात नाहीत. याच करारात आरोग्यविम्यासाठी तिच्या पगारातून कापला जाणारा हप्ता महिन्याला १५० डॉलरने वाढला, तर वर्षाचे १,८०० डॉलर तिकडे जातात आणि कायमच्या वाढीतले ६०० डॉलरच शिल्लक राहतात. विम्याचे कलम न वाचता टक्क्यांवर मत बनवू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

डिस्ट्रिक्टची बाजूही तितक्याच काळजीने पाहायला हवी. स्टेपची वाढ जुन्या कराराची असली तरी ते पैसे तिजोरीतूनच जातात. राखीव निधीतून कायमची पगारवाढ दिली, तर निधी एकदा संपतो आणि वाढ दर वर्षी द्यावीच लागते. शिवाय कॅलिफोर्नियात शाळांचे बहुतांश अनुदान विद्यार्थ्यांच्या सरासरी दैनिक हजेरीवर अवलंबून असल्यामुळे पटसंख्या घटली की उत्पन्नही घटते. त्याच वेळी, राखीव निधी वर्षानुवर्षे अंदाजपत्रकातील अपेक्षेपेक्षा जास्त उरत असेल, तर डिस्ट्रिक्टचे अंदाज सतत चुकतात तरी का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता संपाविषयी. या राज्यात ही बोलणी १९७५ च्या रॉडा कायद्याखाली होतात. इम्पास जाहीर झाल्यावर आधी राज्याचा मध्यस्थ येतो. त्याच्याकडूनही तोडगा निघाला नाही, तर प्रकरण तिघांच्या सत्यशोधन समितीकडे जाऊ शकते : एक सदस्य युनियनचा, एक डिस्ट्रिक्टचा आणि अध्यक्ष राज्याच्या सार्वजनिक रोजगार मंडळाने नेमलेला. ही समिती डिस्ट्रिक्टची आर्थिक कुवत, इतरत्र मिळणारे पगार आणि महागाई पाहून शिफारशी करते. त्या बंधनकारक नसतात, पण अहवाल जाहीर करावा लागतो. साधारणपणे हे सगळे टप्पे संपल्यानंतरच डिस्ट्रिक्टला आपला अखेरचा प्रस्ताव लागू करता येतो आणि युनियनला कायदेशीर संपावर जाता येते. म्हणजे इम्पास म्हणजे उद्याचा संप नव्हे. पण हा इशारा पोकळ समजणेही चूक ठरेल.

मात्र सगळे लक्ष टक्क्यांवरच राहिले, तर करारातला आपल्या मुलांशी थेट संबंध असलेला भाग नजरेतून सुटतो. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी २०१९ मध्ये शाळेचे सहा दिवस संप चालला. शेवटी शिक्षकांना सहा टक्के वाढ मिळाली, आणि जवळपास तेवढी वाढ डिस्ट्रिक्टने संपाआधीच देऊ केली होती. संपाने जास्तीचे मिळवले ते वेगळेच : वर्गातील मुलांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करणे, प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स, आणखी ग्रंथपाल व समुपदेशक. धाकट्या मुलांच्या पालकांसाठी एक बारकावा सांगतो. राज्याच्या निधीच्या नियमानुसार बालवाडी ते तिसरीच्या वर्गांची सरासरी प्रत्येक शाळेत २४ पर्यंत आणायची असते, पण युनियन आणि डिस्ट्रिक्ट यांनी करारात वेगळा आकडा मान्य केला असेल तर तो चालतो. आपल्या मुलाच्या वर्गात २८ बाके का आहेत, याचे उत्तर याच करारातल्या एका ओळीत असू शकते.

आपल्याला काय करता येईल? दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे प्रस्ताव जाहीर सभेत मांडणे आणि त्यावर लोकांना बोलू देणे कायद्याने आवश्यक आहे. ते कागद बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, कार्यालयातून मागून घ्या. बोर्डाच्या सभेत बोलायला मिळतात ती दोन-तीन मिनिटेच, म्हणून ‘शिक्षकांना न्याय द्या’ असे न म्हणता नेमका प्रश्न विचारा : तक्त्यात एक टक्का वाढ देण्याचा वार्षिक खर्च किती, आणि वर्गातून एक मूल कमी करण्याचा किती? या दोन आकड्यांची उत्तरे बोर्डाने उघडपणे दिली, की बाकीचा वाद बराच स्पष्ट होतो.

प्रश्न : माझी बहीण न्यूयॉर्क राज्यात शिक्षिका आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे करार संपून वर्ष उलटले तरी तिथे संपाचा विषयही कोणी काढत नाही. एकाच देशात इतका फरक कसा?

उत्तर : खासगी कामगारांना संघटित होऊन सौदा करण्याचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या केंद्रीय कायद्यातून सरकारी नोकर वगळलेले आहेत, त्यामुळे शिक्षकांचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. न्यूयॉर्कमध्ये १९६७ च्या टेलर कायद्याने संपाला बंदी आहे आणि संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार कापला जातो. त्याचबरोबर १९८२ च्या दुरुस्तीनुसार नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी चालू राहतात. आपल्या बहिणीला घाई वाटत नसेल, तर त्याचे एक कारण हे असावे. बंदीने प्रश्न सुटतोच असे मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समध्येही असे संप बेकायदा आहेत, तरी जानेवारी २०२४ मध्ये न्यूटनच्या शिक्षकांनी न्यायालयाचे दंड सोसून शाळेचे अकरा दिवस संप केला. उत्तर कॅरोलायनात तर युनियनशी करार करण्याचीच सरकारी संस्थांना मनाई आहे.

प्रश्न : आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये संप झालाच, तर मुलीला शाळेत पाठवावे की नाही? ती विशेष शिक्षण घेते.

उत्तर : हा निर्णय सर्वस्वी आपला आहे आणि त्यावरून कोणी आपल्याला दोष देऊ नये. संपात शाळा कधी बंद राहतात, तर कधी अधिकारी आणि बदली शिक्षकांच्या भरवशावर उघड्या राहतात. लॉस एंजेलिसमध्ये त्या उघड्या होत्या. अशा दिवसांत मुले सुरक्षित असली तरी शिकवणे नेहमीसारखे होत नाही. तुमच्या मुलीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात वाचा-उपचाराचे किंवा मदतनिसाचे तास लिहिलेले असतील, तर ते कोण देणार आणि बुडाल्यास कसे भरून देणार, हे संप सुरू होण्याआधी डिस्ट्रिक्टला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखीच मागा. तोंडी आश्वासन नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते.