कॅनडाच्या पीआरसाठी एजंट लागतोच का?

म्हापशाहून कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवानगीसाठी, अर्ज करताना एजंट करावाच लागतो का, असे आपण विचारले आहे. तशी सक्ती नाही. एक्स्प्रेस एन्ट्री या कॅनडा सरकारच्या गुणांवर आधारित ऑनलाइन निवडपद्धतीची प्रोफाइल स्वतः आणि विनामूल्य भरता येते. पैसे घेऊन सल्ला देणारा मात्र तेथील परवानाधारक सल्लागार किंवा वकील असावा लागतो, आणि त्याचे नाव नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत घरबसल्या पाहता येते.

खरा वेळ कागदपत्रांत जातो. गोवा विद्यापीठाच्या पदवीचे मूल्यांकन पाच वर्षे, तर इंग्रजी चाचणीचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. निवड होऊन अर्जाचे निमंत्रण आल्यानंतर पूर्ण अर्जासाठी जेमतेम ६० दिवस मिळत असल्याने पोलीस दाखल्याची तयारी आधीच ठेवावी. माझ्या जन्मदाखल्यावर ‘नायक’ आणि पासपोर्टवर ‘नाईक’ होते. त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र करण्यात दोन आठवडे गेले.

२५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुण बंद झाले आहेत, त्यामुळे गुण वाढवण्यासाठी असा प्रस्ताव विकणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. तेथे पोहोचल्यावर नोकरीशोध, भाषावर्ग आणि मुलांच्या शाळाप्रवेशाबाबत साहाय्य करणाऱ्या सरकारी अनुदानित सेवा पीआरधारकांना मोफत मिळतात.