वेम्ब्लीची कॅसेट

प्रश्न : २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेला कार्यक्रम मी खिशातल्या रेकॉर्डरवर टेप केला होता. आता डीव्हीडी मिळते. मग ही खरखरणारी कॅसेट ठेवू का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : ठेवाच! पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या गायकासाठी त्या दिवशी ७२ हजार माणसं जमली होती. त्या पैशातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. डीव्हीडीत ‘लेड झेपेलिन’ बँडच्या रॉबर्ट प्लांटनं गायलेलं ‘इन्युएंडो’ हे गाणं नाही, त्याच्याच इच्छेवरून ते गाळलं. तुमच्या कॅसेटवर ते असेल. शिवाय तुमच्या शेजारी उभा असलेला कुणीतरी बेसूर गात असेल, तोही मला मोलाचा वाटतो. स्टेजवरच्या माइकपर्यंत त्याचा आवाज पोचलाच नाही.

पण आता थांबू नका. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या आधी तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. प्लेअरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मग कॅसेट वाजवून संगणकावर २४ बिटची वेव्ह फाइल करा, म्हणजे आवाज न दाबता पूर्ण साठेल; आवाज दाबून लहान केलेली एमपी३ फाइल नंतर. खरखर काढायचीच तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका.