आजोबांच्या नावावरचं मालवणचं घर

प्रश्न : मालवणमधलं चिरेबंदी घर विकायचंय. सातबारावर अजून दिवंगत आजोबांचंच नाव आहे. आम्ही तीन भावंडं, एक दुबईत. काय करावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गिऱ्हाईक नंतर शोधा, आधी वारस नोंद. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, प्रमाणित करतात. आत्या, चुलते कुणालाही गाळू नका. व्यवहार बहुधा तिथेच अडकतो. हिस्सा नको असलेल्यांकडून हक्कसोडपत्र घ्या, पण नोंदणीकृत. साध्या स्टॅम्पपेपरवरची सही इथे चालत नाही.

सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव, जुना बोजा (कर्जाची नोंद), सामाईक विहीर तिथेच सापडते. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे कोकणात अजून पटवावं लागतं!

दुबईच्या भावाने मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. तो अनिवासी असल्याने त्याच्या हिश्शावरच्या करकपातीचे नियम वेगळे. सीएला आधीच विचारा.

घर किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमांची, स्थितीही तपासून ठेवा. पाडून नवं बांधायचा बेत असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं.