निर्वासित कुटुंबाला शिकवताना फक्त इंग्रजीतच बोलावे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: नव्याने आलेल्या अफगाण कुटुंबाला इंग्रजी शिकवण्यासाठी प्रमाणपत्र लागते का, पुस्तक कोणते वापरावे, आणि स्वयंसेवक पाठवणारी संस्था सांगते त्याप्रमाणे त्यांच्याशी फक्त इंग्रजीतच बोलावे का. घरी जाऊन शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला सहसा प्रमाणपत्र लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी मला एका आजींविषयी लिहावे लागेल.

2011 च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एका भूतानी कुटुंबाला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. ही दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक माणसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासारख्या हजारो कुटुंबांना देश सोडावा लागला, आणि पूर्व नेपाळमधील झापा व मोरङ जिल्ह्यांतील छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांमध्ये, त्यांची जवळजवळ 20 वर्षे गेली. या घरात आजी, मुलगा, सून आणि 14 वर्षांचा नातू होता. नातू बेलडांगीच्या छावणीतील शाळेत थोडे इंग्रजी शिकून आला होता, सुनेला नेपाळी वाचता येत होते, आणि 67 वर्षांच्या आजींनी हातात पेन्सिल कधी धरलेली नव्हती. संस्थेने सर्वांसाठी एकच पुस्तक दिले होते.

आजींना आता इंग्रजी कशाला, असे त्यांच्या मुलालाही वाटत असे. पण त्या वेळच्या नियमांनुसार वृद्ध निर्वासितांना मिळणारे सरकारी निर्वाहसाहाय्य, नागरिकत्व न मिळाल्यास, 7 वर्षांनी थांबत असे. नागरिकत्वाचा अर्ज 5 वर्षांनी करता येत असे, आणि परीक्षा इंग्रजीत होती. वयाची 55 वर्षे पूर्ण झालेल्यांना आपल्या भाषेत परीक्षा देण्याची सवलत होती, परंतु त्यासाठी अमेरिकेत कायमचा रहिवासी म्हणून 15 वर्षे काढलेली असावी लागत. म्हणजे आजींच्या पोटापाण्याचा प्रश्न इंग्रजीला बांधलेला होता.

सहा आठवडे मी त्यांना रोमन अक्षरे गिरवायला लावली. त्या रांगोळी काढावी तशी प्रत्येक अक्षराची आकृती निगुतीने काढत, आणि पुढच्या रविवारी त्यातले एकही ओळखत नसत. सातव्या आठवड्यात मी रोमन लिपी बाजूला ठेवली आणि कागदावर मोठा ‘म’ काढला, कारण त्यांचे नाव त्या अक्षराने सुरू होत होते. ओठ मिटून जो आवाज निघतो त्याची ही खूण आहे, असे मी हिंदीत आणि मोडक्या नेपाळीत सांगितले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या, आणि मग हळूहळू म्हणू लागल्या: माटो, मकै, मन. खुणेला आवाज असतो, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी कळली. देवनागरीत नाव लिहायला त्यांना पुढे 10 आठवडे लागले. रोमन ‘एम’ मात्र एका दुपारी आला. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘यो पनि म.’’ हा पण म. नेपाळीत ‘म’ म्हणजे ‘मी’ सुद्धा.

वाचणे माणूस एकदाच शिकतो, आणि ते त्याला येणाऱ्या भाषेतच शिकता येते, असे माझे ठाम मत आहे. संस्थेच्या समन्वयक बाईंना हे मान्य नव्हते. त्यांनी आजींची वही पाहिली, आणि इंग्रजीच्या तासाला दुसरी लिपी दिसता कामा नये, नाहीतर कुटुंब दुसऱ्या स्वयंसेवकाकडे सोपवावे लागेल, असे मला बजावले. हा नियम देखरेख करणाऱ्याला तासात काय चालले आहे ते समजावे म्हणून केलेला आहे. शिकणाऱ्याला त्याचा काहीही उपयोग नाही. मी संस्था सोडली, आणि दर रविवारी शेजारीण म्हणून त्या घरी जात राहिले. 2017 मध्ये आजींनी मुलाखतीत एक इंग्रजी वाक्य वाचले, एक लिहिले, नागरिकशास्त्राच्या 10 प्रश्नांपैकी किमान 6 बरोबर असावे लागत तेही पार पाडले, आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. सुनेच्या बाबतीत बाईंचे म्हणणे खरे ठरले. मी तिच्याशी हिंदीत बोलत असल्यामुळे ती माझ्यासमोर इंग्रजी बोलेनाशी झाली, आणि देवनागरीत उच्चार लिहून घेण्याच्या सवयीने तिच्या वहीतला ‘इस्कुल’ तिच्या जिभेवरही पक्का झाला. तिच्यासाठी निम्मा तास तरी मी इंग्रजीतच ठेवायला हवा होता. शिवाय माझा अनुभव एकाच घराचा आहे.

आपल्याकडील कुटुंब दरी किंवा पश्तो बोलत असेल. पेशावर किंवा क्वेट्टा भागात काही वर्षे काढलेल्या अफगाणांना बहुधा उर्दू समजते, त्यामुळे आपली हिंदी उपयोगी पडेल. परंतु आधी विचारून घ्या. ज्यांना दरी-पश्तोची, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी वाचता येते त्यांना डावीकडून उजवीकडे जाण्याचा सराव द्या. पुस्तकाचे म्हणाल तर पहिला महिना त्यांच्या घरी येणारे टपाल पुरेसे आहे, कारण वैद्यकीय भेटीचे पत्र आणि विजेचे बिल त्यांना आजच वाचायचे असते. घरात शाळेत न गेलेली कुणी स्त्री असेल, तर आपल्या समन्वयकांना विचारा की जिने कोणत्याही भाषेत एकही अक्षर वाचलेले नाही, तिच्यासाठी त्यांनी कोणते पुस्तक ठेवले आहे.