अझोला पिवळा पडला? युरिया नको, ऊन द्या

प्रश्न (निफाड तालुका): द्राक्षाच्या मांडवाखाली सिल्पॉलिनचा (जाड प्लॅस्टिक कागदाचा) पाण्याचा वाफा करून अझोला, म्हणजे चाऱ्याचं तरंगतं नेचं, सोडला. आधी चांगला वाढला, आता पिवळा आणि विरळ झालाय, पाण्यात शेवाळ आलंय. दुकानदार म्हणतो युरिया टाका आणि शेवाळाला मोरचूद (तांब्याचा क्षार). किती टाकू?

उत्तर: दोन्ही टाकू नका. चिमूटभरही नको.

मांडवाखालचे असे वाफे मी पुष्कळ पाहिलेत. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असते तोवर अझोला जोरात असतो, पानांनी मांडव भरला की उन्हाविना उपाशी मरतो. नत्र त्याला बाहेरून लागत नाही. त्याच्या पानाच्या पोकळीत राहणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरून त्याला देतं. युरियाने फावतं ते पाण्यातल्या शेवाळाचं. मग त्यासाठी मोरचूद घ्यायचं, म्हणजे अझोलाही मेला. वरून तुम्ही मांडवावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारता, तो ठिबकतो याच वाफ्यात. हा अझोला जनावरांना घालू नका. मेंढ्यांना तर मुळीच नको, त्यांना तांबं सोसत नाही.

वाफा मोडा, मांडवाबाहेर उघड्यावर नवा करा. 2 बाय 2 मीटरच्या वाफ्याला दर पाच दिवसांनी 1 किलो शेण आणि 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट. मूठभर नाही, 20 ग्रॅम! कडा लालसर दिसल्या की स्फुरद कमी पडलं समजून लगेच सुपर फॉस्फेट ओतू नका. निफाडच्या थंडीतही अझोला लाल होतो, कडक उन्हातही होतो. एप्रिल-मेमध्ये फक्त दुपारी 50 टक्के शेडनेट ओढा, सकाळी काढून टाका. बारमाही नेट ठेवलंत तर पुन्हा मांडवच झाला.

आणि रोज काढा. माझा आग्रह यावरच आहे. थर दाटला की वरचा खालच्याचं ऊन खातो. अर्धा किलो रोज उपसा, धुवून जनावरांच्या आंबोणात (पेंड-भरड्यात) मिसळा.

प्रश्न (सिन्नर तालुका): मासे असलेल्या शेततळ्यात मत्स्यालयवाल्यांसाठी पिस्टिया (तरंगती पाणवनस्पती) वाढवू का?

उत्तर: शेततळ्यात नको. तिला ऊन हवं म्हणून ती सगळं पाणी झाकते, खाली प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर तोंड काढतात. वेगळ्या टाकीत वाढवा. जास्तीची कंपोस्टला घाला, नाल्यात फेकू नका. गोदावरीत पाणवेली आधीच काय कमी आहेत? खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे.

शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. अझोल्याचं बेणं पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा, दुकानात नको.